पोळ्याची आदली रात्र : एका तालुक्याच्या निरोपांचं प्रकरण

हे प्रकरण खान्देशातल्या एका तालुक्याचं आहे. तालुका, नदी, धरण, गावं आणि माणसं यांची नावं काढली आहेत आणि विसर्गाचे आकडे ढोबळ केले आहेत. वेळा मात्र नियंत्रण कक्षाच्या नोंदवहीप्रमाणे दिल्या आहेत, कारण हे प्रकरण मुळात वेळेचंच आहे. मी तेव्हा तिथे निवासी नायब तहसीलदार होतो. खाली ज्या चुका येतील त्यातल्या निम्म्याहून जास्त माझ्या हातच्या आहेत.

पार्श्वभूमी

तालुका सातमाळ्याच्या पायथ्याशी आहे. नदी डोंगरातून उतरते, वरच्या अंगाला तिच्यावर दरवाजांचं मध्यम धरण आहे आणि खाली तालुक्याच्या गावापर्यंत काठावर चौदा गावं आहेत. वर्षातले आठ-नऊ महिने पात्रात वाळू आणि बाभळी. पाऊस डोंगरात पडतो आणि पाणी आमच्याकडे येतं, त्यामुळे गावात ऊन पडलेलं असताना नदी दोन्ही काठ भरून वाहते. आमच्या माणसाला टँकर ओळखीचा, पूर तितकासा नाही. पण ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी बाजारपेठेत शिरलं, कन्नड घाटात दरडी कोसळल्या, तेव्हापासून पुराची भीती घराघरात आहे. त्याआधी २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं होतं. ते कोकणात घडलं, पण ‘धरण रात्रीतून फुटू शकतं’ हे आमच्याकडच्या लोकांनीही टीव्हीवर पाहिलं होतं.

आता आमची समाजमाध्यमं. तहसील कार्यालयाचं फेसबुक पेज मतदार जागृतीसाठी उघडलेलं होतं. त्या पोळ्याच्या आधीची शेवटची पोस्ट २५ जानेवारीची, राष्ट्रीय मतदार दिनाच्या रांगोळीची. पेजचा पासवर्ड एका अव्वल कारकुनाकडे होता आणि त्यांची बदली झालेली होती. एक्सवर जिल्ह्याचं खातं होतं, तालुक्याचं नव्हतं. ते बरंच होतं, कारण आमच्या गावांत एक्स वाचणारा माणूस शोधावा लागला असता. खरं काम व्हॉट्सॲपवर चालायचं. तलाठ्यांचा गट, पोलिस पाटलांचा गट, सरपंचांचा गट, पत्रकारांचा गट. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात ते तलाठीआप्पाच आहेत, म्हणून इथेही तसंच लिहितो.

धरणातून पाणी सोडायचं झालं की पाटबंधाऱ्याच्या शाखा अभियंत्यांचा निरोप आमच्याकडे यायचा. आम्ही तो जसाच्या तसा चारही गटांत ढकलायचो, तिथून तो गावाच्या गटांत जायचा. भाषा पत्राची असायची : ‘पाणलोट क्षेत्रातील पर्जन्यमान विचारात घेता आज सायंकाळी ६.०० वाजता नदीपात्रात २,००० क्युसेक विसर्ग सोडण्यात येत असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्कता बाळगावी.’ क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. म्हणजे २,००० क्युसेकला सेकंदाला साधारण ५६,६०० लिटर, आपला १०,००० लिटरचा टँकर धरला तर दर सेकंदाला साडेपाच टँकर. हे गणित मी नंतर केलं. त्या दिवशी कुणीच केलं नव्हतं. गावातल्या माणसाला त्या निरोपातून एवढंच कळायचं, की सरकारनं नेहमीसारखं काहीतरी पाठवलं आहे.

अडचण उभी राहिली ती अशी

दिवस पोळ्याच्या आदला. संध्याकाळी घरोघरी बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळणं चाललेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बैल नदीवर नेऊन धुवायचे, मग शिंगांना रंग, बेगड, झूल. ही सकाळची नदी लक्षात ठेवा. आमच्या मात्र ती लक्षात आली नाही.

दुपारी ४.४० ला २,००० क्युसेकचा निरोप आला आणि गेला. डोंगरात पाऊस वाढला. रात्री ९.३० ला दुसरा निरोप : १० वाजल्यापासून ५,०००. दरवाजे वर उचलण्याआधी धरणावरचा भोंगा वाजवतात, तसा तो ९.५५ ला वाजला. भोंगा फक्त वरच्या दोन गावांत ऐकू जातो. महावितरणनं खबरदारी म्हणून काठावरच्या गावांची वीज बंद केली होती, त्यामुळे टीव्ही बंद, बाहेर अंधार आणि हातात मोबाइल.

१०.५० ला एक आवाजी निरोप फिरू लागला. एका पोराचा घाबरलेला आवाज, अहिराणीत : ‘धरन फुटनं भो, पया!’ (धरण फुटलं, पळा!) त्याच्या मागोमाग एक व्हिडिओ. भिंत कोसळते आहे, मातकट पाण्याचा लोंढा, बाया-माणसांची आरडाओरड. नंतर निवांत पाहिलं तेव्हा त्यातल्या एका ट्रकवरची पाटी देवनागरीत नव्हतीच. व्हिडिओ जुना होता आणि दुसऱ्या राज्यातला होता. पण वीज गेलेल्या घरात रात्री अकराला पाटी कोण वाचतो?

११.०५ ला नियंत्रण कक्षात पहिला फोन वाजला आणि मग वाजतच राहिला. ११.१५ पर्यंत काठावरच्या दोन वस्त्यांमधली माणसं ट्रॅक्टर, मोटरसायकल, मिळेल त्यावर बसून महामार्गाच्या फाट्याकडे निघाली. फाट्याकडे जाणारा रस्ता नदीवरच्या फरशीवरून, म्हणजे पात्रालगतच्या बुटक्या पुलावरून, जातो. त्या रात्री अख्ख्या तालुक्यात सगळ्यात धोक्याची जागा कोणती असेल तर ती फरशी होती. धरण शाबूत होतं. धरणाच्या भीतीनं माणसं पाण्याकडे धावत होती.

काय काय करता आलं असतं

नियंत्रण कक्ष म्हणजे तहसील कचेरीतली एक खोली. दोन टेबलं, एक लँडलाइन, तीन मोबाइल. तहसीलदार साहेब फरशीवर निघून गेले. खोलीत मी, एक महसूल सहायक, पोलिस ठाण्याचे एक हवालदार आणि एक कोतवाल. चार जणांची चार मतं होती, आणि आज मागं वळून पाहताना त्यातलं एकही वेडगळ वाटत नाही.

पहिलं मत हवालदारांचं : ‘साहेब, नेट बंद करा.’ त्यांचं म्हणणं भीतीतून आलेलं होतं आणि त्या भीतीला कारण होतं. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरच्या अफवेतून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. ते भटक्या डवरी गोसावी समाजाचे, पोटासाठी फिरणारे लोक होते. खान्देशातला कोणताही पोलिस फिरता निरोप पाहिला की आधी राईनपाडा आठवतो. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण नेट बंद करणं तालुक्याच्या हातात नाही. तो आदेश राज्याच्या गृह विभागाच्या सचिव पातळीवरून निघतो. आणि समजा निघाला असता, तर अफवेबरोबर आमचाही आवाज बंद झाला असता. हा पर्याय दोन मिनिटांत संपला.

दुसरा पर्याय कायद्याचा धाक. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ प्रमाणे आपत्तीबद्दल खोटा इशारा पसरवून घबराट उडवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ‘ग्रुप ॲडमिनवर गुन्हा दाखल करण्यात येईल’ असा निरोप टाकावा, असं सुचवलं गेलं. असे निरोप दर पावसाळ्यात निघतात. त्यात दोन घोटाळे आहेत. एक, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे, की सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी, समान हेतू दिसत नसेल तर, निव्वळ ॲडमिन म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही. दुसरा घोटाळा जास्त महत्त्वाचा : धमकीच्या निरोपानं गट गप्प होतात, आणि मग गावातली खरी बातमीही आपल्यापर्यंत येत नाही. त्या रात्री आम्हाला गटांचे कान हवे होते. धमकी टाकली नाही. हा निर्णय मी आजही बरोबर मानतो.

तिसरा पर्याय : पाटबंधाऱ्याकडून धरण सुस्थितीत असल्याचं लेखी मागवायचं आणि मगच बोलायचं. हा पर्याय माझा. फाइलीत वाढलेल्या माणसाला तो सुचणारच. चूक बोलून बसलो तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न मला फरशीवरच्या माणसांपेक्षा जवळचा वाटला, हे कबूल करतो.

चौथा पर्याय कोतवालानं सांगितला. तो कोपऱ्यात बसून त्याच्या मेहुण्याशी फोनवर बोलत होता. मेहुणा धरणावर पाण्याची पातळी वाचायच्या कामावर होता. कोतवाल म्हणाला, ‘रावसाहेब, तो भिंतीवरच उभा शे. त्यालेच बोलू द्या ना.’

काय केलं

आधी लेखी खुलासा मागवला. कार्यकारी अभियंत्यांपर्यंत फोन, मग त्यांचा शाखा अभियंत्यांना फोन, मग मसुदा. ११.०५ ते ११.४५. चाळीस मिनिटं, आणि खुलासा अजून हातात आलेला नव्हता. अफवा अर्ध्या मिनिटाची होती.

त्या चाळीस मिनिटांत हात रिकामे राहवेनात म्हणून ११.२५ ला मी एक काम केलं. अफवेच्या व्हिडिओतलं एक चित्र घेतलं, त्यावर लाल अक्षरात ‘खोटे’ असा आडवा शिक्का मारला, वर कार्यालयाचं नाव टाकलं आणि चारही गटांत सोडलं. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर लोकांना काय दिसलं? फुटलेलं धरण आणि तहसील कार्यालयाचं नाव. शिक्का चित्रातच विरघळून गेला. दहा मिनिटांत एका सरपंचांचा फोन आला : ‘साहेब, तुम्हीच टाकलंय ना फोटो, फुटलं म्हणून?’ कुणीतरी शिक्क्याचा भाग कापूनही पुढे पाठवलं होतं. तोपर्यंत ज्यांनी व्हिडिओ पाहिला नव्हता, त्यांनाही मी तो दाखवून दिला.

११.५२ ला कोतवालाचं ऐकलं. शाखा अभियंता आणि पातळी वाचणारा गडी, दोघं धरणाच्या भिंतीवर उभे राहिले. मागे दरवाजांवरचे दिवे, खाली पाण्याचा आवाज. अभियंत्यांनी तारीख आणि वेळ सांगितली, विसर्ग सांगितला. ते विदर्भातले, बोलणं शुद्ध आणि थोडं घाबरलेलं. मग गड्यानं मोबाइल स्वतःकडे वळवला : ‘मी धरनवरच उभा शे. धरनले काहीच व्हयेल नही. फरशीवर जाऊ नका.’ सगळा मिळून व्हिडिओ पाऊण मिनिटाचा. त्याचे पहिले शब्द कानावर पडले तेव्हा खोलीतले आम्ही चौघंही सैलावलो. व्हिडिओ गटांत पडला आणि साधारण वीस मिनिटांत फाट्याकडची रांग उलटी फिरली. फरशीवर तहसीलदार साहेबांनी ट्रॅक्टर आडवा लावून ठेवलेलाच होता, त्याचं श्रेय व्हिडिओला देणार नाही. पण थांबवलेली माणसं शांत झाली ती त्या आवाजानं. त्यातली निम्मी त्या गड्याला नावानं ओळखत होती.

इथे थांबलो असतो तर हे प्रकरण यशोगाथा म्हणून कुठल्यातरी प्रशिक्षणात दाखवलं गेलं असतं.

१२.२० ला लेखी खुलासा आला. मी त्यावरून कार्यालयाच्या चिन्हासह एक सुबक चौकट बनवली : ‘धरण सुरक्षित आहे. अफवांवर विश्वास ठेवू नये. घाबरण्याचे कारण नाही.’ तेवढ्यात बदली झालेल्या अव्वल कारकुनांनी झोपेतून उठून पासवर्ड सांगितला होता, म्हणून ती फेसबुक पेजवरही टाकली. चौकटीवर तारीख नव्हती, वेळ नव्हती, विसर्ग नव्हता. सुबक दिसावी म्हणून मीच काढून टाकलं होतं.

२.१० ला धरणावरून तिसरा निरोप आला : विसर्ग १२,००० क्युसेक. आम्ही तो २.२५ ला नेहमीच्या भाषेत गटांत टाकला. अफवेनं दमलेली गावं तेव्हा गाढ झोपली होती. धरणातून सुटलेलं पाणी खालच्या गावांना पोचायला तीन-साडेतीन तास लागतात, म्हणजे ते पहाटे सव्वापाच-पावणेसहाला पोचणार. पोळ्याच्या सकाळी.

५.५० ला एका पोलिस पाटलांचा फोन आला. त्यांचं वाक्य नोंदवहीत नाही, पण मी विसरणार नाही : ‘रावसाहेब, लोके बैल लिसन नदीवर चालनात. तुमनाच मेसेज दखाडतस.’

लोक बैल घेऊन नदीवर निघाले होते आणि आमचीच चौकट दाखवत होते. धरण सुरक्षित आहे. घाबरण्याचे कारण नाही. सकाळी उठून गटावर बोट फिरवलं की तीच सगळ्यात जास्त वेळा पुढे आलेली दिसत होती, कारण रात्रभर प्रत्येकानं प्रत्येकाला ती पाठवली होती. २.२५ चा निरोप त्या ढिगात कुठेतरी दबलेला. आणि तो वाचला तरी त्यात काय होतं, तर क्युसेक. मी लिहिलं होतं धरण, लोकांनी वाचली नदी. वेळ लिहिली नव्हती, म्हणून रात्री बारा वीसचं वाक्य सकाळी सहालाही ताजंच राहिलं.

६.०५ ला पहिल्यांदा माणसासारखा निरोप लिहिला. ‘सकाळी ६ वाजता. आज बैल नदीवर नेऊ नका. पाणी वाढत आहे. बैल हापशावर, विहिरीवर धुवा. रात्रीचे सगळे निरोप जुने झाले. पुढचा निरोप ७ वाजता.’ एवढंच. चौकट नाही, चिन्ह नाही, नुसती अक्षरं, म्हणजे वाचणाऱ्याला ती नक्कल करून स्वतःच्या गटात टाकता येतील. सोबत तोच निरोप प्रत्येक गावच्या मंदिरावरच्या, मशिदीवरच्या भोंग्यावरून सांगायला तलाठ्यांना आणि पोलिस पाटलांना फोन केले. नदीच्या अगदी कडेला असलेल्या भिल्ल वस्तीत मोबाइल मोजके, आणि आमच्या एकाही गटात त्या वस्तीतलं कुणी नाही. तिथे कोतवाल पायी गेला. रात्रीच्या अफवेत ती वस्ती शांत झोपलेली होती, हेही सांगितलं पाहिजे.

तेरा गावांत बैल काठावरून परतले. चौदाव्या गावात टॉवरची बॅटरी पहाटे संपली होती. नेट नाही, फोन लागत नाही, पोलिस पाटील लग्नाला बाहेरगावी. साडेसहाच्या सुमाराला तिथे एक तरुण आणि तीन बैल पाण्यात ओढले गेले. काठावर आपदा मित्र, म्हणजे आपत्तीतले स्वयंसेवक, म्हणून प्रशिक्षण घेतलेली दोन पोरं होती, त्यांनी दोर टाकून तरुणाला काढलं. दोन बैल खालच्या वळणावर स्वतःच बाहेर आले. तिसरा सापडला नाही.

त्या सकाळी आणखी एक गोष्ट उघडी पडली. फेसबुक पेजवर रात्री ११.४० ला जुन्या रांगोळीच्या पोस्टखाली एका बाईंनी लिहिलं होतं, की आई नदीकाठच्या घरात एकटी आहे, तिला चालता येत नाही, कुणी असेल तर बघा. खाली पत्ता. १२.२० ला पेज उघडलं, चौकट टाकली आणि बंद केलं तेव्हा मी खाली पाहिलंच नाही. ही कमेंट मी सकाळी ६.१० ला वाचली. आई सुखरूप होती, शेजाऱ्यांनी रात्रीच उचलून शाळेत नेलं होतं. पण तो माझा पराक्रम नव्हे.

लिहिणाऱ्या बाई सुरतेत राहतात. नंतर पाहिलं, तर पेजवर बोलणाऱ्यांमध्ये सुरत, पुणे, नाशिक इथली माणसंच जास्त होती. खान्देशातली किती घरं सुरतेच्या उधना-लिंबायत भागात कामाला आहेत ते इकडच्या माणसाला सांगायला नको. आम्ही पेज गावासाठी चालवतो असं समजत होतो, ते वाचत होती गाव सोडून गेलेली पोरं. आणि त्याचा उपयोग झाला. ६.०५ चा निरोप पेजवर पडल्यावर उधन्यातल्या पोरांनी घरी फोन लावून बापाला, काकाला उठवलं. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता तिथे निरोप गेला तो सुरतेवरून, साध्या फोनवर.

७ वाजल्यापासून पद्धत बदलली. निरोप लिहिणारा माणूस एकच. प्रत्येक निरोपाला क्रमांक, पहिल्या ओळीत वेळ, शेवटच्या ओळीत पुढचा निरोप किती वाजता. पाण्याची पातळी क्युसेकमध्ये नाही, तर गावातल्या खुणेनं : ‘महादेव मंदिराच्या तिसऱ्या पायरीला पाणी’, ‘फरशीच्या कठड्यावरून हातभर’. खूण सांगायची त्या गावच्या पोलिस पाटलांनी, फोटोसह, आणि फोटोही त्याच वेळचा. सांगण्यासारखं नवं काही नसलं तरी ठरलेल्या वेळेला निरोप जायचाच : ‘क्रमांक ५. सकाळी ११. पाणी तेवढंच आहे.’ एका स्थानिक यूट्यूब वाहिनीनं दहाच्या सुमाराला ‘धरणाला तडे?’ असं प्रश्नचिन्हासह चालवलं. त्यांना धरणावर बोलावलं आणि पाहिजे तेवढं चित्रण करू दिलं. दुपारपर्यंत विसर्ग उतरला.

निष्पत्ती

जीवितहानी नाही. एक बैल गेला. पंचनामा झाला, ओढकामाच्या मोठ्या जनावराला आपत्ती प्रतिसाद निधीतून तेव्हा ३२,००० रुपये मिळत, तेवढे मिळाले. पोळ्याच्या दिवशी गेलेल्या बैलाचा पंचनामा करायला गेलेल्या तलाठ्याला त्या घरात पुरणाचं ताट वाढलं गेलं. ते त्याला घशाखाली उतरलं नाही, असं तो म्हणाला.

आवाजी निरोप टाकणारा पोरगा पोलिसांना चार दिवसांनी सापडला. एकोणीस वर्षांचा, वरच्या गावातला. त्यानं भोंगा ऐकला होता. ‘इतक्या रात्री भोंगा वाजला म्हणजे धरणच फुटलं असणार’ असं त्याला खरोखर वाटलं आणि खालच्या गावातल्या मामाला सावध करावं म्हणून त्यानं निरोप टाकला. व्हिडिओ मात्र त्याचा नव्हता, तो वाटेत कुणीतरी जोडला. समज देऊन सोडलं. थोडक्यात, अफवेचं मूळ आमच्याच भोंग्यात होतं. भोंगा वाजणार आहे आणि त्याचा अर्थ काय, हे ९.३० च्या निरोपात एका ओळीत लिहिलं असतं तर त्या पोराला अंदाज बांधावा लागला नसता.

आढावा बैठक प्रांत कार्यालयात झाली. तिथे पहिला प्रश्न विचारला गेला तो असा : समाजमाध्यमांवर एकूण किती पोस्ट केल्या? आकडा इतिवृत्तात आला, चांगला मोठा होता. २.२५ चा निरोप त्या आकड्यात एक म्हणून मोजला गेला, १२.२० ची चौकटही एक म्हणून.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, चाळीस मिनिटं. लेखी खुलाशाची वाट पाहण्याऐवजी ११.०५ ला एवढं तरी लिहिता आलं असतं : ‘धरणावरच्या माणसाशी आत्ता बोलणं झालं, तो भिंतीवर उभा आहे. फरशीकडे जाऊ नका. पुढचं पंधरा मिनिटांत सांगतो.’ कोतवालाचा मेहुणा तेव्हाही फोनवरच होता. अधिकृत माहिती म्हणजे सहीची माहिती असं मी धरून चाललो. आणीबाणीत जागेवर उभ्या असलेल्या, नाव-गाव असलेल्या कर्मचाऱ्याचं बोलणं अधिकृत धरायचं का, हे पावसाळ्याआधीच्या बैठकीत ठरवून ठेवायला हवं. रात्री अकराला ते ठरत नाही.

खोट्याचं चित्र स्वतःच्या नावानं पुन्हा दाखवायचं नाही. खुलाशात आधी खरं काय ते, मग लोकांनी काय करायचं ते. अफवेचा उल्लेख करायचाच तर एका वाक्यात, बिनचित्राचा.

‘घाबरू नका’ या शब्दांबद्दल माझं मत आता जरा कडवट झालं आहे. सरकारी निरोपात ते सवयीनं येतात. माणूस घाबरावा की न घाबरावा हे सांगणं आपलं काम नाही; कुठे जाऊ नये आणि किती वाजेपर्यंत, हे आहे. १२.२० ला मी ‘धरण शाबूत आहे, पण नदीचं पाणी रात्रीतून वाढू शकतं, उद्या बैल नदीवर नेऊ नका’ असं लिहू शकलो असतो. दिलासा आणि इशारा एकाच वाक्यात मावतात. मला तेव्हा ते विसंगत वाटलं. लोकांना आत्ताच शांत केलंय, पुन्हा कशाला उठवायचं, असं. सहकाऱ्यांशी बोलताना दिसतं, की हा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो.

पोळा कुणाच्याच का लक्षात आला नाही, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. खोलीतले चौघंही शेतकऱ्याच्या घरातले. कोतवालाच्या हाताला तर हळदही होती. बहुधा पत्राची भाषा डोक्यात शिरली की गाव डोक्यातून निघून जातं.

काही गोष्टी तालुक्याच्या हातातल्या नव्हत्या. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ यंत्रणेतून ठरावीक भागातल्या सगळ्या मोबाइलवर मराठीत संदेश पाठवता येतात. त्याला गट लागत नाही, नेट लागत नाही. ती विनंती जिल्ह्यामार्फत करावी लागते. २.१० ला विसर्ग वाढला तेव्हा जिल्हा नियंत्रण कक्षाला फोन करून आम्ही ती मागायला हवी होती, मागितली नाही. टॉवरच्या बॅटरीचं काय करायचं, हे दूरसंचार कंपन्यांबरोबरच्या पावसाळापूर्व बैठकीत विचारता येतं. चौदाव्या गावासाठी मात्र सगळ्यात स्वस्त उपाय बाकी होता : पोलिस पाटील नसतील तर त्या गावात दुसरं कोण, या नावाची एक ओळ. ती आमच्या यादीत नव्हती.

कमेंटचं कोडं अजून सुटलेलं नाही. पेजवर कमेंट बंद ठेवल्या तर मदतीची हाक दिसत नाही, उघड्या ठेवल्या तर रात्रभर वाचायला माणूस लागतो. २०१८ च्या केरळच्या पुरात मदतीच्या हाका समाजमाध्यमांवरून एवढ्या आल्या, की त्या एका संकेतस्थळावर गोळा कराव्या लागल्या आणि सुटका झालेल्या माणसांच्या हाकाही पुढे फिरत राहिल्या. आमच्या तालुक्यात एकच हाक होती आणि तीही सुटली. आम्ही सध्या पेजच्या माथ्यावर जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक लावून ‘मदत हवी असेल तर इथे लिहू नका, फोन करा’ असं लिहितो. तरीही लोक इथेच लिहितात. सुरतेतून १०७७ लावला तर तो सुरतेच्या जिल्ह्यात लागतो, हे त्या बाईंनीच मला सांगितलं. मग पेजवर नियंत्रण कक्षाचा लँडलाइन क्रमांक एसटीडी कोडसह टाकला.

पुढच्या वर्षी मी त्याच तालुक्यात होतो. पोळ्याच्या दोन दिवस आधी निरोप क्रमांक १ गेला, बैल कुठे धुवायचे ते सांगणारा. धरण त्या वर्षी अर्धंही भरलं नव्हतं, पात्रात वाळूच होती. खाली पहिली कमेंट सुरतेहून आली : ‘आते पानी कितलं शे?’ महसूल सहायकानं मंदिराच्या कोरड्या पायऱ्यांचा फोटो टाकला, खाली वेळ लिहून.